शेऱ्याच्या आधीचा रकाना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या पानावर काही आठवडे वर्गातल्या ‘उपद्रवी’ मुलांचा विषय चालू आहे. एका निवृत्त शिक्षिकेचं म्हणणं, हल्लीचे आईबाप मुलांना धाकच लावत नाहीत. एका आजोबांना सगळा दोष मोबाइलचा वाटतो. एका आईने लिहिलंय की एका मुलापायी अख्ख्या वर्गाचं नुकसान होतं, अशांची वेगळी सोय करा. या शेवटच्या पत्राचा मला राग आला नाही. तिच्या मुलीला कुणीतरी ढकललं होतं. पण ढकलणाऱ्याच्या घरून कुणी काही लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हे पत्र.

माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे. त्याला एडीएचडी आहे. म्हणजे लक्ष टिकवणं, हातपाय आवरणं आणि मनात आलेलं क्षणभर थोपवून धरणं, या तिन्ही गोष्टी त्याला वयाच्या मानाने फार जड जातात. जोडीला डिस्लेक्सिया आहे. वाचायला त्याला इतरांपेक्षा खूप जास्त वेळ लागतो, आणि फळ्यावरचं उतरवून घेताना मान वर-खाली केली की ओळ हरवते. बुद्धीत काही उणं नाही. बिघडलेलं कुलूप किंवा बंद पडलेला पंखा समोर आला तर तो माझेही कान कापतो, आणि माझा तर तो पोटापाण्याचा धंदा आहे.

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे मशीन थांबलं की ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. ‘मशीन बंद पडले’ एवढंच लिहून कुणी सही ठोकली, तर सुपरवायझर ते रजिस्टर परत तोंडावर फेकेल. किती वाजता थांबलं, कोणता जॉब लागला होता, लोड किती होता, आवाज आला का, त्याआधी कुणी काही बदललं होतं का, हे सगळं हवं. दुरुस्ती त्यातूनच निघते. मुलाच्या शाळेच्या डायरीत मात्र वर्षानुवर्षं असे शेरे येतात: ‘आज पुन्हा वर्गात गोंधळ घातला.’ ‘वहीची पाने फाडली.’ ‘शेजारच्या मुलास मारले, पालकांनी लक्ष द्यावे.’ ‘उद्या भेटावे.’ लाल शाई, खाली सही. कोणत्या तासाला, काय चाललेलं असताना, कुणी काय म्हटल्यावर, यातलं एक अक्षर नाही. लक्ष द्यायला माझी ना नाही, पण ते कशाकडे द्यायचं हेच कळत नाही.

माझं सगळं म्हणणं त्या न लिहिलेल्या रकान्याबद्दल आहे.

तो रकाना भरायला आम्हाला एका समुपदेशक बाईंनी शिकवलं. एका पानावर तीन उभे रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. मधल्या रकान्यात विशेषणं चालत नाहीत. ‘उद्धटपणा केला’ असं लिहायचं नाही, ‘बाईंनी वही मागितल्यावर वही खाली टाकली’ असं लिहायचं. मला वाटलं, हे बाईंनी स्वतःच काढलेलं काहीतरी असेल. पण मेंटेनन्सवाल्याला मॅन्युअल वाचायची सवय असते. शोधलं तर ही पद्धत चांगली जुनी निघाली. १९८२ साली अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ जणांचा अभ्यास केला. ठरवून वेगवेगळी परिस्थिती उभी केली: कधी मूल एकटं, कधी समोर अवघड काम, कधी माणूस जवळ असून दुर्लक्ष करणारा, कधी नुसता खेळ. वरून सारखी दिसणारी कृती निरनिराळ्या मुलांत निरनिराळ्या परिस्थितीत वाढत होती. कुणी काम टाळायला डोकं आपटत होतं, तर कुणी एकटं असतानाही.

त्याच्या पुढचं पाऊल १९८५ सालचं, एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांचं. चारच मुलं होती. ज्यांचा दंगा काम अवघड झालं की वाढायचा, त्यांना ‘मला समजत नाही’ असं म्हणायला शिकवलं. ज्यांचा दंगा दुर्लक्ष झालं की वाढायचा, त्यांना ‘मी बरोबर करतोय ना?’ अशा अर्थाचं विचारायला शिकवलं. दंगा उतरला. मला यातला सगळ्यात मोलाचा भाग पुढचा वाटतो. कारणाशी न जुळणारं वाक्य शिकवलं, तर उतरला नाही. म्हणजे कारण माहीत नसताना केलेला चांगला उपायही वाया जातो. आमच्या घरात स्टिकरचे तक्ते, गोष्टीरूप समजावणी, अबोला आणि बक्षिसाची सायकल का वाया गेली, हे मला तेव्हा उमगलं. (सायकलचं आणखी एक कारण आहे. एडीएचडीच्या मुलाला महिन्याअखेरचं बक्षीस म्हणजे जवळजवळ नसलेलंच बक्षीस. त्याला जे द्यायचं ते लगेच आणि लहान द्यावं लागतं.)

गेल्या वर्षीच्या वर्गशिक्षिका मनाने मोकळ्या होत्या. त्यांनी सांगितलं, ‘मला पानं भरायला जमणार नाही, पण टेबलावर चिठ्ठ्या ठेवते. काही झालं की वेळ आणि आधीची एक ओळ खरडून ठेवीन.’ त्या चिठ्ठ्या त्याच्या दप्तरातून घरी यायच्या आणि रात्री बायको त्या पानावर उतरवून काढायची. काही चिठ्ठ्यांतून काहीच निष्पन्न झालं नाही, हेही सांगतो. पण थोड्याच दिवसांत दोन गोष्टी इतक्या ठळक दिसायला लागल्या की त्या आधी कुणालाच कशा दिसल्या नाहीत याचं नवल वाटावं.

पानं फाडणं जवळजवळ नेहमी फळ्यावरचा मोठा मजकूर उतरवून घ्यायच्या तासाला होत होतं. गणिताच्या तासाला नाही, चित्रकलेला नाही, तोंडी उत्तरांना तर नाहीच. आणि मारामारी जवळजवळ नेहमी रांगेत होत होती, मागच्याचा हात किंवा दप्तर पाठीला लागलं की. त्याला अचानक झालेला स्पर्श सहन होत नाही. घरीही मागून खांद्यावर हात ठेवला तर दचकून हात झटकतो.

आता तिसरा रकाना. पानं फाडल्यावर काय व्हायचं? त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. बाहेर व्हरांडा, आणि व्हरांड्यातून शाळेच्या टाकीची मोटर दिसते. पाणी चढताना ती कशी गरम होते, वॉशरमधून थेंब कुठे गळतो, हे तो मला रात्री सांगायचा. मी म्हणायचो, तुला रे हे कधी दिसलं? तर असं. ज्या मजकुराने त्याचा जीव जायचा, त्यातून सुटायचा एकमेव हमखास मार्ग म्हणजे पान फाडणं. आम्ही सगळे जिला शिक्षा समजत होतो ती त्याची सुटका होती, आणि ती त्याला दर वेळी न चुकता मिळत होती. यात त्याचा कावा नव्हता. विचारलं असतं तर त्याला स्वतःलाही हे सांगता आलं नसतं.

मग बाईंनी तीन बदल केले. लांब मजकुराची छापील प्रत त्याच्या वहीत चिकटवायची आणि त्यातल्या मोजक्या ओळीच लिहायला लावायच्या. रांगेत तो शेवटचा, म्हणजे पाठीमागे कुणी नाही. आणि बाकाच्या कोपऱ्यात एक पिवळं कार्ड. ते उलटं केलं की ‘मला थोडं थांबू द्या.’ मग बाई त्याला फळा पुसायला किंवा शेजारच्या वर्गात खडू पोहोचवायला पाठवायच्या. सुरुवातीला तो कार्ड ऊठसूट उलटं करायचा. मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं, ‘हे लाड कशाला?’ बाईंनी नेट धरला. मागितल्यावर खरंच मिळतं, याची खात्री पटेपर्यंत तो तपासून बघत होता. खात्री पटल्यावर मागणं आपोआप कमी झालं. पानं फाडणं जवळपास थांबलं. रांगेतलं मारणं खूप कमी झालं. प्रार्थनेच्या वेळचा आरडाओरडा मात्र तसाच राहिला, त्याचं कारण अजून सापडलेलं नाही. आवाज घुमतो म्हणून असेल असा माझा कयास आहे.

हे वाचून कुणाला वाटेल, संपली गोष्ट. तिथेच तर घोडं पेंड खातं. तो पुढच्या वर्गात गेला. त्याच्यासोबत फाइल गेली. फाइलमध्ये निकाल, डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत आणि लाल शाईतले सगळे शेरे होते. चिठ्ठ्या नव्हत्या, छापील प्रतींची गोष्ट नव्हती, पिवळ्या कार्डाचा उल्लेख नव्हता. नव्या शिक्षिकेला मिळालं ते त्याचं गुन्ह्यांचं खातं. त्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याला पहिल्या बाकावर, फळ्यासमोर बसवलं आणि रांगेत सगळ्यात पुढे उभं केलं, नजरेसमोर राहावा म्हणून. हेतू चांगलाच होता. पानं पुन्हा फाटायला लागली.

आता ‘धाक’ या विषयाकडे येतो, कारण निवृत्त शिक्षिकांच्या पत्रातला तो मुख्य मुद्दा आहे. आम्हालाही नातेवाइकांनी पुष्कळदा सुचवलंय, ‘एक ठेवून द्या, सरळ होईल.’ क्षणभर होतोही. इथेच गोची आहे. जेराल्ड पॅटरसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी घराघरांत बसून आईबाप आणि मुलांचं वागणं टिपलं आणि त्यातून एक साधी गोष्ट मांडली. आई म्हणते, आवर. मूल किंचाळतं. आई कंटाळून नाद सोडते. मूल शिकलं की किंचाळलं की सुटका होते, आणि आई शिकली की नाद सोडला की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी आई वरच्या पट्टीत ओरडते, मूल गप्प होतं; आता आई शिकली की ओरडलं की काम होतं. दोघंही एकमेकांना रोज थोडं थोडं वर चढवत नेतात. धाकाला लागणारी किंमत अशी दर खेपेला वाढत जाते, आणि ज्या मुलाला क्षणाचा आवेग आवरत नाही त्याच्या बाबतीत तर त्या धाकाची आठवण नेमक्या क्षणी कामीच येत नाही.

उलट बाजूने ‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’ असं सांगणारेही भेटतात. तेही अर्धवट. लक्ष वेधण्यासाठी केलेल्या वागण्याकडे दुर्लक्ष केलं, तर ते थांबण्याआधी बऱ्याचदा वाढतं. मूल आवाज चढवून बघतं की ऐकू येत नाहीये का. हे आधी माहीत नसेल तर माणूस नेमका त्या टोकाला हार मानतो, आणि मूल शिकतं की एवढ्या मोठ्याने ओरडलं की मिळतं. आणि वागण्याचं कारण लक्ष वेधणं नसून अवघड काम टाळणं असेल, तर दुर्लक्ष म्हणजे मोकळं रानच.

निदानाबद्दल एक गैरसमज आहे, तो दूर व्हायला हवा. लोक विचारतात, रक्त तपासलं का? स्कॅन काढला का? एडीएचडी सांगणारी रक्ताची तपासणी नाही. डॉक्टर इतिहास विचारतात, मुलाला बघतात, आणि घरी नि शाळेत भरायला प्रश्नावल्या देतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या निकषांप्रमाणे ही लक्षणं वयाच्या बारा वर्षांआधीपासून आणि किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, जसं की घर आणि शाळा. म्हणजे शिक्षकांनी काय पाहिलं आणि कसं लिहिलं, यावर निदानाचा मोठा भाग उभा असतो. ‘फार त्रास देतो’ हे वाक्य तिथे बिनकामाचं. शिवाय वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुलांना हे निदान जास्त वेळा मिळतं, असं अनेक देशांत आढळलंय. काही महिन्यांनी लहान असलेल्या पोराचा पोरकटपणा आजार म्हणून नोंदला जाऊ नये आणि खरा आजार पोरकटपणा म्हणून उडवला जाऊ नये, यासाठीही नोंद नेमकीच हवी.

औषध देता का, हा दुसरा प्रश्न. आम्ही काय करतो ते छापायचा विषय नाही, तो आमचा आणि डॉक्टरांचा. पण ‘मुलांना गुंगीत ठेवतात’ असं एका पत्रात आलंय म्हणून एवढं लिहितो. १९९९ साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ५७९ मुलं, चौदा महिने. मूळ लक्षणं कमी व्हायला नीट देखरेखीखाली दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. दोन्ही एकत्र दिले तेव्हा इतर बाबतींतही, जसं की मुलांचं आईबापांशी जमणं, फायदा दिसला, आणि औषधाची मात्राही कमी लागली. पुढच्या काही वर्षांत गटांमधला हा फरक पुसट होत गेला, हेही त्याच अभ्यासाने सांगितलं. दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या सोयीचं अर्धंच उचललं.

आईला दोष देण्याचा इतिहास तर मोठा आहे. ऑटिझम म्हणजे लहानपणापासून इतरांशी बोलणं-मिसळणं जड जाणं. त्याचं वर्णन अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली केलं, तेव्हाच आईबापांच्या थंडपणावर बोट ठेवलं गेलं. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांनी तो ठपका पुस्तक लिहून पक्का केला. बर्नार्ड रिमलंड यांनी त्याआधीच, १९६४ साली, हा आजार मेंदूचा असल्याचं मांडलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. शेवटी १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभं राहून आईबापांना दोषमुक्त केलं. हे मी लिहितोय कारण आजही शाळेत बोलावणं येतं तेव्हा पहिला प्रश्न माझ्या बायकोला असतो: ‘तुम्ही नोकरी करता ना?’ मी शेजारीच बसलेला असतो. मीही नोकरी करतो. मला कुणी विचारत नाही.

आणि ताई. हिच्याबद्दल कुणीच पत्र लिहीत नाही म्हणून लिहितो. धाकट्याहून चार वर्षांनी मोठी, त्याच शाळेत. पूर्वी तो वर्गात हाताबाहेर गेला की शिपाई तिला तिच्या वर्गातून बोलावून आणायचा, कारण तिचं तो ऐकतो. तिचा तास बुडायचा. परत जाताना वर्गातली मुलं वळून बघायची. आम्हाला हे कळलं ते तिच्या मैत्रिणीकडून. ती स्वतः बोलली नव्हती. विचारलं तर म्हणाली, ‘तुम्हाला आधीच खूप आहे.’ त्या दिवशी शाळेला लेखी कळवलं की तिला बोलवायचं नाही. जमलं नाही तर मला फोन करा, मी पाळी बदलून येईन. ते पाळलं गेलं, याबद्दल शाळेचे आभार मानले पाहिजेत. घरी आम्ही तिच्यासाठी ठरवून वेळ काढतो, दार लावून, आणि त्या वेळात धाकट्याचा विषय काढायचा नाही असा तिनेच नियम केलाय. नियम मोडला तर ती शांतपणे दाराकडे बोट दाखवते.

‘समजूतदार’ म्हणून तिचं कौतुक करणाऱ्यांना हात जोडतो. ते कौतुक तिला फार महाग पडतं.

आता ज्या आईने वेगळी सोय करा असं लिहिलंय तिच्याशी दोन शब्द. ताई, तुमच्या मुलीला मार बसता कामा नये. तिची सुरक्षितता पहिली, यात माझं दुमत नाही, आणि ‘त्याला आजार आहे, समजून घ्या’ असं मार खाल्लेल्या मुलीला सांगणं चुकीचं आहे. माझा मुलगा कुणाला मारतो तेव्हा त्याने जाऊन विचारपूस करायची, पडलेलं सामान उचलून द्यायचं, हे घरी ठरलेलं आहे. पण वेगळ्या खोलीत पाठवल्याने त्याला रांग सहन करायला कोण शिकवणार? रांगा जगात सगळीकडे आहेत. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांच्या सरकारांनी मान्य केलं की विशेष गरजा असलेल्या मुलांना सर्वसाधारण शाळांमध्येच सामावून घ्यावं. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षणासाठी वाजवी सोयी करून देण्याचं बंधन आहे. काही मुलांना काही काळ वेगळी शाळा खरंच लागते, तेही मला माहीत आहे. थेरपीच्या ठिकाणी असे आईबाप भेटतात आणि त्यांच्या निर्णयाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण तुमच्या मुलीला ढकललं गेलं त्याच्या आधी काय झालं होतं, हे शाळेला विचारा. त्या मुलाची बाजू घ्यायला नव्हे. उद्या पुन्हा ढकललं जाऊ नये म्हणून.

शिक्षकांची अडचण मी नाकारत नाही. भरलेला वर्ग, अभ्यासक्रम, वर कागदपत्रं, आणि त्यात हा बाप म्हणतो आणखी एक रकाना भरा. पण लाल शेरा लिहायला वेळ लागतोच की. ‘वर्गात गोंधळ घातला’ याऐवजी ‘तिसरा तास, कवायत रद्द झाल्याचं सांगितल्यावर’ असं लिहायला तितकीच शाई लागते. रोज नको. काही आठवडे, एखाद्या मुलाचं, आणि तेही जे वागणं सगळ्यात जास्त नडतं तेवढ्याचंच. मला विचाराल तर ‘गेल्या वर्षी याच्या बाबतीत काय उपयोगी पडलं’ असं एक पान प्रत्येक विशेष गरजेच्या मुलाच्या फाइलमध्ये सक्तीचं असावं, निकालपत्राच्याही वर लावलेलं. पुढच्या शिक्षकांचे कित्येक महिने वाचतील.

घरच्यांनाही हाच रकाना लागू आहे. आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण संध्याकाळी अभ्यासाला बसताना व्हायचं. पानावर लिहिल्यावर दिसलं की आधीच्या रकान्यात बहुतेक वेळा आमच्यापैकी एकाने दुसऱ्या खोलीतून दिलेली हाक आहे, एका दमात चार कामं सांगणारी: खेळणं ठेव, हात धू, दप्तर आण, बस. ज्याच्या डोक्यात एका वेळी एकच सूचना धड टिकते त्याच्यासाठी ती हाक म्हणजे नुसता गोंगाट. आता जवळ जाऊन, समोर उभं राहून, एकच काम सांगतो आणि ते झाल्यावर दुसरं. आजोळी हे बघून मंडळी म्हणतात, फारच डोक्यावर बसवलंय. म्हणू देत. संध्याकाळी शेजाऱ्यांना आमच्या घरातले आवाज हल्ली कमी ऐकू येतात, आणि ते त्यांनी आपणहून सांगितलंय.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांना २००७ साली असं दिसलं की एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूचं बाहेरचं आवरण इतर मुलांसारख्याच क्रमाने वाढतं, फक्त सुमारे तीन वर्षं मागे राहून. प्रत्येक मुलाला हा आकडा तसाच चिकटवता येत नाही. पण मला त्याचा उपयोग एवढाच होतो की राग अनावर झाला की मी स्वतःला विचारतो, याच्याकडून आत्ता मी कोणत्या वयाचा संयम मागतोय?

पत्र लांबलं. आपण काटछाट करालच. इतिहासाचा भाग उडवलात तरी हरकत नाही, औषधाचाही. आमच्या तीन रकान्यांच्या पानाची एक कोरी प्रत सोबत जोडली आहे. जागेची अडचण असेल तर पत्र बाजूला ठेवा आणि ते पान छापा. कुणाला कापून वहीत चिकटवता येईल अशा आकारात छापलंत तर जास्त बरं.

आपला,
एक वाचक

(नाव छापू नये ही विनंती. मुलाच्या शाळेत आपलं वृत्तपत्र येतं.)